बाराव्या म्यानाचा कारागीर

सोमवारी सकाळी अंकुश डोळस यांनी कपाट उघडलं आणि क्षणभर त्यांना वाटलं की आपण चुकून लोकरीच्या कपड्यांचं कपाट उघडलंय. पण नव्या मुंबईत लोकरीच्या कपड्यांचं कपाट कुणाकडेच नसतं. तेव्हा त्यांनी चष्मा लावून पाहिलं. त्यांच्या संग्रहातल्या बाराच्या बारा म्यानांवर पांढरी, मऊ, नखभर उंचीची बुरशी उगवली होती.

अंकुशराव वाशीच्या बाजारात एका शीतगृहात हेडक्लार्क. परदेशातून आलेली सफरचंदं आठ-आठ महिने टवटवीत ठेवण्याचा त्यांचा अनुभव तीस वर्षांचा. अशा माणसाची बारा म्यानं एका पावसाळ्यात नासावीत, ही गोष्ट बाहेर फुटू देण्यासारखी नव्हती. त्यात दोष सगळा त्यांचाच होता. जूनमध्ये त्यांनी प्रत्येक म्यान वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नळीने आतली हवा स्वतः ओढून काढून, तोंडं बंद केली होती. सफरचंदाला जे मानवतं ते कातड्याला मानवत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.

जुन्या हातघडणीच्या सुऱ्या जमवणं हा त्यांचा छंद. खरं सांगायचं तर त्यांचा जीव सुरीपेक्षा म्यानात. एक म्यान टांग्याच्या घोड्याच्या झापडांतून बेतलेलं होतं, दुसरं पोस्टमनच्या थैलीच्या पट्ट्यातून, तिसरं एका फुटलेल्या फुटबॉलचं, आणि त्यावर बॉल आवळायच्या नाडीची भोकंसुद्धा होती. प्रत्येक म्यानाखाली एक छोटं कार्ड असे आणि प्रत्येक कार्डावर शेवटची ओळ एकच, 'कारागीर: अज्ञात'. ही ओळ त्यांना सलू लागली ती त्यांच्या आईमुळे. वेणूबाई परभणीकडच्या गावी राहायच्या. छंदाबद्दल कळल्यावर त्या फोनवर म्हणाल्या, "ज्या कातड्याला शिवायचं सोडून आपली मानसं वर आली, ते तू इकत आनून कपाटात जपतूस. जप बाबा. पर ते ज्यानं शिवलं त्याचं नाव तरी ठावं हाय का तुला?" ह्या प्रश्नावर अंकुशरावांकडे अकरा वेळा उत्तर नव्हतं.

बाराव्या वेळी मात्र होतं. बारावी सुरी करावे गावातल्या गोटीराम म्हाताऱ्याची. जाळ्याचे दोर कापायची, आखूड, जाड पाठीची सुरी, आणि तिचं म्यान पाकट माशाच्या कातड्याचं. खरखरीत, बारीक मण्यांसारखे दाणे असलेलं, काळपट. गोटीरामने ती विकली नाही, दिली. अट एकच घातली. "माजे बापान केलाय. पदू त्याचा नाव. दहा लोकांत ठेवशील तवा नाव लिवशील." असं म्हणून त्याने सुरी ओट्यावर ठेवली आणि अंकुशरावांनी उचलली. सुरी कधी हातात द्यायची नसते, भांडण होतं, हे कराव्यातही मानतात आणि अंकुशरावांच्या पत्नीच्या, म्हणजे मीनाच्या माहेरीही. घरात कांदा चिरायची सुरीसुद्धा ओट्यावर ठेवली जाई आणि मग दुसरा ती उचली. अंकुशराव ह्याला अंधश्रद्धा म्हणत, पण वाकून उचलत.

आता योग असा की येत्या रविवारी वाशीत हस्तनिर्मित सुरी संग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं. मंडळाचे सभासद नऊ, त्यांतले सहा सभेला वडे असतील तरच येणारे. तरीही सात वर्षांत पहिल्यांदाच अंकुशरावांना स्वतंत्र टेबल मिळालं होतं. टेबलावर ठेवायचं जाड कागदाचं कार्डही छापून आलं होतं, 'श्री. अंकुश डोळस, संग्राहक'. ते त्यांनी मीनाला तीनदा दाखवलं होतं. आणि गोटीराम सहकुटुंब टेम्पो करून बापाचं नाव बघायला येणार होता. हातात सहा दिवस होते.

सल्ला विचारायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण पाचव्या मजल्यावरचे हौसेराव यांना सल्ला द्यायला प्रश्नाची गरज लागत नसे. ते साखर मागायला आले, बुरशी बघून बसले आणि साखर विसरले.

"तांदळाच्या डब्यात पुरा," ते म्हणाले. "तांदूळ सगळं ओढून घेतो. माझा मोबाईल कमोडमध्ये पडला होता, तांदळातच सुकवला."

"आणि ते तांदूळ?" मीनाने विचारलं.

"खाल्ले की."

मीनाने तांदळाच्या डब्यावर हात ठेवला आणि तो दिवसभर तिथून हलवला नाही. तेव्हा ऊन दाखवणं हाच मार्ग उरला. श्रावणातलं ऊन घटकाभर येतं आणि जातं, पण येतं ते गच्चीवर. आणि गच्चीला कुलूप होतं. किल्ली सोसायटीचे चेअरमन बाजीराव यांच्याकडे. बाजीराव सरकारी सेवेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण छापील अर्जाशिवाय त्यांना अजूनही माणूस ओळखू येत नसे. 'गच्ची वापर अर्ज' ह्या कागदावर वाळवणाच्या प्रकारांत पापड, कुरडया, गोधड्या आणि इतर असे चार रकाने होते. अंकुशरावांनी 'इतर'पुढे लिहिलं, 'म्यानं, नग बारा'.

"म्यानं कशाची?" बाजीरावांनी विचारलं.

"सुऱ्यांची."

"आणि सुऱ्या कुठायत?"

"घरी."

"म्हणजे उघड्या?"

"म्यानं वाळत घातल्यावर सुऱ्या उघड्याच राहणार ना, साहेब."

बाजीरावांनी समासात लाल शाईने नोंद केली, 'सदनिका ४०२ मध्ये बारा उघड्या सुऱ्या. लक्ष ठेवणे.' मग त्यांनी म्यानं रिकामी असल्याचं हमीपत्र मागितलं, एका साक्षीदाराच्या सहीसकट. साक्षीदार म्हणून हौसेराव आनंदाने आले. नुसती सही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. प्रत्येक म्यानात बोट घालून ते आतून तपासत होते, आणि तिसऱ्या म्यानात, म्हणजे फुटबॉलच्या, त्यांचं बोट अडकलं. साबण झाला, खोबरेल झालं, बर्फ झाला. शीतगृहात काम करत असल्यामुळे बर्फाचा सल्ला अंकुशरावांनी दिला होता आणि तो लागू पडला, पण तोवर मंगळवार संपला होता. हौसेरावांनी सुजलेल्या बोटाने सही केली. ती बँकेतल्या सहीशी जुळत नाही, असं बाजीराव म्हणाले. ती बँकेची सही त्यांनी कधी पाहिली हे विचारायचं राहूनच गेलं.

बुधवारी अकरा ते एक गच्ची मिळाली. ऊनही पडलं. अंकुशराव अर्ध्या दिवसाची रजा काढून, छत्री घेऊन कावळ्यांवर पहारा देत बसले. अकरा म्यानं नीट सुकली, बुरशी फडक्याने पुसून निघाली, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की ते एकटेच हसले. मग त्यांनी बारावं पाहिलं. पाकटाचं म्यान चकलीसारखं वळलं होतं. सुरी आत जाईना. बोलावं तर गोटीरामशी, आणि गोटीरामलाच तर कळू द्यायचं नव्हतं.

ते संध्याकाळी चालतच कराव्याला गेले आणि म्हाताऱ्याच्या ओटीवर बसून म्हणाले, "सहज आलो होतो. पाकटाच्या कातड्याला साधारण काय लावतात हो?"

"उन्हान ठेवलाव का?" गोटीरामने विचारलं.

"छे, छे."

"उन्हान ठेवला का वाकरा होतो. मंग मुशीचा त्याल लावाचा. होरीला लावतान तो." त्याने आतून कोकम सरबताच्या बाटलीत भरलेलं जाड, पिवळं तेल आणलं. मुशी माशाच्या काळजाचं तेल, होडीच्या लाकडाला लावायचं. दारात त्याची बायको पुतळा उभी होती. ती म्हणाली, "सुरी काय, लोखंड हाय. म्यानाची शिवन उसवली नाय ना?" अंकुशराव पुन्हा छे छे म्हणाले. एवढ्या बारकाव्याने विचारणारी बाई पहिल्यांदाच भेटली, असं त्यांना वाटलं, आणि ते विसरूनही गेले.

तेलाचा गुण आला यात शंका नाही. गुरुवारी दुपारपर्यंत म्यान सरळ झालं, मऊ झालं, सुरी अलगद आत गेली. फक्त महिना श्रावणाचा होता, आणि इमारतीतल्या अठ्ठावीसपैकी एकवीस घरांनी मासे सोडले होते. सोडले होते म्हणजे फक्त खायचे. मुशीच्या काळजाचा वास जिन्यातून वर गेला, लिफ्टच्या पोकळीतून खाली गेला आणि चार वाजता बाजीराव पाच जणांना घेऊन ४०२च्या दारात उभे राहिले.

"तक्रार आहे," ते म्हणाले. "काय शिजतंय?"

"दुधी," मीना म्हणाली.

"दुधीचा असा वास येत नाही."

मीनाने झाकण काढून दुधी दाखवला. सहाही जणांनी आत डोकावून पाहिलं आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. अंकुशरावांनी म्यान आणून बाजीरावांच्या नाकाखाली धरलं. बाजीरावांनी वास घेतला. पुन्हा घेतला. तपासणीसाठी तिसऱ्यांदा घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "चोवीस दिवस झाले हो." मग भानावर येऊन त्यांनी नोटीस दिली की दुर्गंधीयुक्त वस्तू चोवीस तासांत हटवावी. सगळे गेल्यावर हौसेराव मात्र मागे थांबले, सोफ्यावर बसले आणि तासभर दीर्घ श्वास घेत राहिले. जाताना म्हणाले, "उद्या येऊ का? ह्याच वेळेला?"

माणसांना एकवेळ समजावता येतं. शुक्रवारी सकाळी मीनाने दार उघडलं तर बाहेर सात मांजरं रांगेत बसली होती. लिफ्ट वर आली, तिचं दार उघडलं आणि आठवं बाहेर आलं. ते म्हणजे सोसायटीतला सगळ्यांत धष्टपुष्ट, करडा बोका. प्रत्येक मीटिंगला हजर असतो म्हणून त्याला सगळे सेक्रेटरी म्हणत.

"ते म्यान आधी घराबाहेर काढा," मीना म्हणाली.

अंकुशरावांना ऑफिसची घाई होती. त्यांनी म्यानातून सुरी उपसली, बोलता बोलता सरळ मीनाच्या हातात दिली आणि म्यान खिडकीच्या ग्रिलला सुतळीने बांधलं. मीना हातातल्या सुरीकडे बघत राहिली. "हातात दिलीत," ती म्हणाली. "आता बघा." आणि खरोखरच, पाच मिनिटांत खिडकीत खुसफुस झाली, सुतळी तुटली, आणि सेक्रेटरी पदू म्हाताऱ्याचं म्यान तोंडात धरून पाइपवरून खाली उतरताना दिसला.

"तूच बाहेर ठेवायला लावलंस," अंकुशराव म्हणाले.

"वास मी लावला का? मी तांदूळ राखला, दुधी दाखवला, आता मांजरं पण मीच हाकू?" मीना म्हणाली. आणखीही बरंच काही म्हणाली. त्यात सात वर्षांतल्या सगळ्या सुऱ्यांचा क्रमाने उल्लेख होता.

अंकुशराव बनियन आणि लुंगीवर धावले. पार्किंग ओलांडलं, कुंड्या ओलांडल्या, आणि बागेत शिरले. तिथे हास्यक्लब गोल करून उभा होता. बोका गोलातून गेला, पाठोपाठ अंकुशराव गेले. रोज ठरवून हसणारी ती मंडळी त्या दिवशी पहिल्यांदाच न ठरवता हसली. बोका मीटरच्या खोलीच्या झरोक्यातून आत गेला. खोलीला कुलूप होतं. किल्ली बाजीरावांकडे होती.

"अर्ज," बाजीराव म्हणाले.

लुंगी एका हाताने धरून अंकुशरावांनी दुसऱ्या हाताने अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'माणसाला दिलेला शब्द आत आहे.' बाजीरावांनी ते दोनदा वाचलं, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, शिक्का न मारता किल्ली दिली.

आत सेक्रेटरी निवांत पहुडला होता, आणि तो बोका नव्हता. चार पिल्लं होती. चौघांना नुकतेच दात येत होते, आणि चौघेही पदू म्हाताऱ्याच्या म्यानावर ते मनापासून वापरून बघत होते. अंकुशरावांनी ते सोडवून घेतलं तेव्हा काठाने सगळीकडे बारीक टोचे पडले होते आणि शिवण बोटभर उसवली होती. ते मीटरच्या खोलीतच पायरीवर बसले. त्यांना खरंच रडू येत होतं. बारा कार्डांतलं एक नाव, आणि तेही त्यांना राखता आलं नव्हतं. त्या दिवशी ते ऑफिसला गेले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदाच सफरचंदं दिवसभर त्यांच्याशिवाय थंड राहिली.

मीना शनिवारपर्यंत बोलली नाही. शनिवारी दुपारी तिने न बोलताच गोधडीची मोठी सुई काढली, दोऱ्याला मेण लावलं आणि म्यान मांडीवर घेतलं. दोरा लालच होता, दुसरा रंग घरात नव्हता. जुन्या भोकांतून, एकही नवं भोक न पाडता, तिने टाका घातला. अंकुशराव खुर्चीत बसून बघत राहिले आणि चहा त्यांनी केला. तो चांगला झाला नव्हता, पण तिने प्यायला.

रविवारी सभागृहात टेबल मांडलं. बारा सुऱ्या, बारा म्यानं, अकरा 'अज्ञात', आणि बारावं कार्ड: 'सुरी व म्यान. कारागीर: पदू, करावे'. पुढे जाड कागदावर त्यांचं स्वतःचं नाव. अकराच्या सुमाराला टेम्पो आला. गोटीराम पांढऱ्या सदऱ्यात, पुतळा नऊवारीत, मागे सोळा माणसं. सगळी टेबलासमोर दाटीने उभी राहिली, आणि नेमके त्याच वेळी परीक्षक आले. त्यांनी पाकटाचं म्यान उचललं, भिंग लावलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.

"विलक्षण," परीक्षक म्हणाले. "काठाचं हे टोचकाम बघा. दातेरी, पण मुद्दाम अनियमित. खाडीकाठच्या कामात हे मी प्रथमच पाहतोय. आणि हा लाल दोरा नक्कीच कुठल्यातरी विधीचा असणार. डोळस साहेब, पहिलं बक्षीस कुठे जाणार हे मी आत्ताच सांगू शकतो."

"माजे बापाचा काम," गोटीराम म्हणाला. त्याची छाती सदऱ्याच्या गुंड्यांना जड झाली होती.

गप्प राहणं किती सोपं होतं. अंकुशराव गप्प राहिलेही, पण फार तर पाच सेकंद. "टोचकाम मांजराच्या पिल्लांचं आहे," ते म्हणाले. "लाल दोरा माझ्या बायकोचा आहे. आणि गोटीरामदादा, मी ते उन्हात ठेवलं होतं." मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांपासून मीटरच्या खोलीपर्यंत सगळं सांगितलं, काही न वगळता. परीक्षकांनी भिंग खिशात टाकलं. गोटीरामचं तोंड उतरलं. म्यान हातात घेऊन तो एवढंच म्हणाला, "बापाची एकच वस्तू व्हती."

तेवढ्यात मागून हसू ऐकू आलं. पुतळा पदर तोंडात कोंबून हसत होती आणि तिला ते थांबवता येत नव्हतं.

"हसतंस कनाला?" गोटीराम म्हणाला.

"बापाचा म्यान कवाच मांजरीन खाल्लाय," पुतळा म्हणाली. "चालीस वर्सा झाली. तुमी होरीवर व्हते. तुमी येवाच्या आत मीच पाकटाचा कातरा काराला, वालवला नि यो शिवला. तवापासून यालाच बापाचा बोलतंव तुमी."

सोळा माणसं आणि परीक्षक गोटीरामकडे बघू लागले. "मंग सांगला का नाय?" त्याने विचारलं.

"काय सांगू? रोज बोलाचे, अशी शिवन आता कुनाला जमत नाय, बापालाच जमाची. मना बरा वाटाचा. सांगला असता तं बोल्ले असते, शिवन वाकरी हाय."

गोटीरामने म्यान उलटसुलट करून पाहिलं. चाळीस वर्षांचं बोलणं परत गिळायला माणसाला थोडा वेळ लागतो. मग तो म्हणाला, "वाकरी नाय," आणि ते बायकोला दिलं. तिने लाल टाक्यावरून अंगठा फिरवला. "यो कोनी घातला?" तिने विचारलं. मीनाने हात वर केला, शाळेत करतात तसा. "जुन्याच भोकांशी घातलाय," पुतळा म्हणाली. "हिचा पन नाव लिव."

लिहायचं तर कार्ड हवं होतं आणि कोरं कार्ड कुणाकडेच नव्हतं. अंकुशरावांनी टेबल पाहिलं, खिसे पाहिले आणि शेवटी पुढ्यातलं जाड कागदाचं कार्ड उचललं. सात वर्षांनी मिळालेलं नाव त्यांनी एकदा वाचून घेतलं, कार्ड पालथं केलं आणि मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सुरी: पदू, करावे. म्यान: पुतळा गोटीराम, करावे. दुरुस्ती: मीना डोळस. काठाचं टोचकाम: सेक्रेटरीची पिल्लं.'

मीनाने सुरी उचलली आणि म्यानात घालण्यासाठी मूठ पुढे करून सरळ त्यांच्या हातात दिली. ते चपापले. "हातात?"

"घ्या," ती म्हणाली. "व्हायचं ते शुक्रवारीच झालंय."

बक्षीस शेजारच्या टेबलाला गेलं. पण गर्दी इकडेच राहिली, कारण बातमी पसरली होती आणि लोकांना दातांच्या खुणा बघायच्या होत्या. कुणीतरी वाकून कार्ड वाचलं आणि विचारलं, "हे सगळे कळले, पण संग्राहक कोण? त्यांचं नाव दिसत नाही."

अंकुशरावांनी घसा साफ केला, पण पुतळाने त्यांचं मनगट धरलं. तिला वाचता येत नव्हतं. "ते ऱ्हाऊ दे," ती कार्डावर बोट ठेवून म्हणाली. "माजा नाव कंचा ते दाव. नि परत वाच."

तोवर त्यांनी ते तीनदा वाचून दाखवलं होतं. अंकुशरावांनी चष्मा सारखा केला आणि चौथ्यांदा वाचायला घेतलं.